मुलागणिक परीक्षा



वसंत व्याख्यानमालेला येणारा श्रोता नुकताच परीक्षांतून सुटलेला असतो. स्वतः नसला तरी त्याच्या घरातले कोणीतरी सुटलेले असते. अशा वेळी परीक्षा हाच विषय घेऊन उभे राहणे म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा पाटावर बसवण्यासारखे आहे, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु ज्या परीक्षेविषयी आम्ही बोलणार आहोत ती आपल्या नेहमीच्या ओळखीची नव्हे. तीत एका वर्गातल्या चाळीस मुलांना चाळीस निरनिराळ्या प्रश्नपत्रिका मिळतात. कोणाला कोणती मिळणार हे आधी कोणालाच, प्रश्न काढणारालाही, ठाऊक नसते. आणि तरीसुद्धा चाळीसही मुलांचे गुण एकाच पट्टीवर मांडता येतात. अमेरिकेतील सरकारी शाळांत संगणकावर घेतली जाणारी ही परीक्षा गेली सुमारे चार दशके हळूहळू रुजत आली आहे. तिकडे तिला ॲडॅप्टिव्ह टेस्ट म्हणतात. आम्ही तिला ‘जुळती परीक्षा’ म्हणणार आहोत. हे नाव कोणास रुचले नाही तर त्याने खुशाल दुसरे शोधावे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की गळ्यातला टाय, दाराशी येणारी बस आणि भरभक्कम फी डोळ्यांपुढे उभी राहते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ नेमका उलट आहे. करांच्या पैशावर चालणारी, फी न घेता वस्तीतल्या कोणाही मुलाला दाखल करून घेणारी शाळा ती पब्लिक स्कूल. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेची ती बहीण होय. ज्या शाळेला मुले निवडून घेता येत नाहीत, तिच्या एकाच वर्गात फार दूरदूरची मुले शेजारी बसतात. आमचा सगळा विषय या एका गोष्टीतून निघतो.

समजा, चौथीचा वर्ग आहे. त्यात एक मुलगा अजून अक्षरे जुळवून वाचतो आहे आणि त्याच्याच बाकावरची मुलगी सहावीचे पुस्तक घरी वाचून मोकळी झाली आहे. दोघांना आपण चौथीची चाळीस प्रश्नांची पत्रिका देतो. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे, त्यांतल्या एकावर खूण करावयाची. मुलीला चाळीसपैकी चाळीस मिळतात. मुलाला दहा मिळतात. आता जो मुलगा डोळे मिटून खुणा करीत जाईल त्यालाही सरासरीने दहाच मिळावयाचे, कारण चारांतून एक बरोबर येणारच. तेव्हा त्या मुलाविषयी आपल्याला कळले काय? त्याला चौथीचे येत नाही, एवढेच. त्याला काय येते हे कळले नाही. मुलीचीही तीच गत. चार फुटांपासून सुरू होऊन पाच फुटांवर संपणारी फीत घेऊन उंची मोजायला बसावे, तसा हा प्रकार आहे.

एवढ्यावर भागत नाही. समजा, त्या मुलाला चांगली शिक्षिका लाभली. वर्षभर खपून तिने त्याला पहिलीच्या वाचनावरून दुसरीच्या वाचनावर आणून सोडले. शिक्षकी पेशातल्या माणसाला हे काम केवढे आहे ते सांगावयास नको. पण वर्षअखेरीस पत्रिका पुन्हा चौथीचीच, आणि गुण पुन्हा दहा किंवा अकरा. मुलगा चालला, बाई राबल्या, आणि कागदावर दोघेही जागच्या जागीच उभे!

यावर उपाय काय, ते लहान मुलांच्या एका खेळावरून सहज ध्यानात येईल. मनात शंभरच्या आतला आकडा धरा. आम्ही तो ओळखतो. आम्ही विचारतो, पन्नासहून मोठा आहे काय? आपण ‘हो’ म्हणता. मग पंचाहत्तरहून मोठा? ‘नाही.’ अशा सात प्रश्नांत आकडा हाती येतोच येतो. एकापासून क्रमाने विचारीत बसलो असतो तर रात्र झाली असती. जुळती परीक्षा हेच करते. पहिला प्रश्न मध्यम. बरोबर आला तर पुढचा थोडा अवघड, चुकला तर थोडा सोपा. असे वरखाली होत होत मूल जेथे निम्मे बरोबर आणि निम्मे चूक देऊ लागते तेथे ते यंत्र स्थिरावते. ठरीव पत्रिकेला जेवढे प्रश्न लागतात, त्याच्या जवळजवळ निम्म्यांतच तेवढे अचूक माप मिळते.

ही युक्ती संगणकाने काढलेली नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी जी कसोटी तयार केली, तिचा पुढचा अवतार याच रीतीने चालत असे. परीक्षक मुलासमोर बसे, त्याच्या वयाच्या अंदाजाने प्रश्न सुरू करी. जमले नाहीत तर लहान वयाच्या प्रश्नांकडे उतरे, जमले तर वर चढे. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडच्या बाजूला मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर ही कसोटी घासूनपुसून घेतली आणि १९४० साली तिच्यावर पुस्तक लिहिले. ‘बिने-कामत कसोटी’ हे नाव अध्यापक विद्यालयांतून शिकलेल्या मंडळींच्या कानांवरून गेलेच असेल. ती बुद्धिमापनाची कसोटी होती आणि बुद्धी मोजता येते की नाही हा वाद निराळा. तो आज आम्ही उकरीत नाही. आम्हांला येथे फक्त तिची रीत हवी आहे.

मग ही रीत मागे का पडली? कारण ती एका वेळी एकाच मुलाची होती. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिला लाखो रंगरुटांची घाईघाईने पारख करावयाची होती. सर्वांना एकच छापील कागद, ठरलेली वेळ आणि खुणा करण्याची उत्तरे, अशा परीक्षेला सुमारे सतरा लाख माणसे बसली. युद्ध संपले, पण तो कागद शाळांत शिरला तो शिरलाच. पुढे पेन्सिलीच्या खुणा वाचणारी यंत्रे आली आणि त्याचे राज्य पक्के झाले. घाऊक परीक्षा स्वस्त पडते.

बिनेच्या रीतीला पुन्हा जीव येण्यासाठी एक गणित हवे होते. चाळीस मुलांना चाळीस निरनिराळे प्रश्न विचारल्यावर त्यांची तुलना कशी करावयाची? सोप्या प्रश्नांतले निम्मे आणि अवघड प्रश्नांतले निम्मे सारखे कसे धरावयाचे? याचे एक सुटसुटीत उत्तर गेओर्ग राश या डॅनिश गणित्याने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडते. त्याचा आशय आम्ही मैदानावरच्या भाषेत सांगतो. उंच उडीची काठी किती उंचीवर आहे आणि मूल किती उडू शकते, या दोन्ही गोष्टी आपण एकाच फुटपट्टीने मोजतो. काठी मुलाच्या ताकदीच्या खूप खाली असेल तर ते बहुधा पार होईल, खूप वर असेल तर बहुधा अडेल, आणि बरोबर त्याच्या ताकदीवर असेल तर निम्म्या वेळा पार होईल. राशने प्रश्नांना काठ्या मानले. प्रत्येक प्रश्न आधी पुष्कळ मुलांवर वापरून त्याची उंची एकदा ठरवून ठेवली की मग कोणत्या मुलाने कोणत्या काठ्या ओलांडल्या यावरून त्याची ताकद काढता येते. सर्वांपुढे एकच काठी ठेवण्याची गरज उरत नाही. राशचे हे विचार त्याच साली शिकागोला पोहोचले आणि तेथून अमेरिकेच्या शिक्षणखात्यांत झिरपले. तिकडेच फ्रेडरिक लॉर्ड या मापनशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास अशा परीक्षेला शिंप्याच्या धंद्यातले विशेषण लावले: अंगाबरहुकूम बेतलेली परीक्षा.

सरकारी शाळांत हे प्रत्यक्ष उतरले ते पश्चिम किनाऱ्यावर. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या शाळांच्या संशोधन विभागांतील माणसांनी १९७७ साली नॉर्थवेस्ट इव्हॅल्युएशन असोसिएशन ही संस्था उभारली. राशच्या पट्टीवर त्यांनी हजारो प्रश्नांची पेढी जमवली. आरंभी कागदावरच्या सोप्या-अवघड पत्रिका होत्या; १९८० नंतरच्या दशकात पोर्टलंड शहराच्या शाळांत हे काम संगणकाकडे गेले. त्यांची परीक्षा आज ‘मॅप’ या नावाने ओळखली जाते. वर्षातून दोनदा किंवा तीनदा, शाळा उघडल्यावर, हिवाळ्यात आणि वसंतात, मूल पडद्यासमोर बसते. घड्याळाची घाई नसते. दिलेले उत्तर बहुधा मागे जाऊन बदलता येत नाही, कारण पुढचा प्रश्न त्या उत्तरावरच निवडलेला असतो. इयत्ता कोणतीही असो, पट्टी एकच. त्यामुळे तिसरीतला आकडा पाचवीतल्या आकड्याशेजारी ठेवून मूल किती पुढे आले ते पाहता येते.

या परीक्षेचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम मोठा गमतीचा असतो. नेहमी शंभरपैकी पंचाण्णव मिळवणारी मुलगी येथे निम्मे प्रश्न चुकते आणि रडकुंडीला येते. आपले काहीतरी बिनसले असे तिला वाटते. उलट जो मुलगा परीक्षेच्या नावाने पोटात दुखते म्हणून घरी राहतो, त्याला येथे निम्मे प्रश्न सुटतात. त्याच्यासमोर आलेले प्रश्न त्याला वाचता येतात. ही गोष्ट आम्ही फार मोठी मानतो. कोणत्याही मुलाला दीड तास न समजणाऱ्या मजकुरापुढे बसवून ठेवणे यात शिक्षण नाही आणि मापनही नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला. यंत्रे आणा आणि परीक्षा घ्या. पण खरी हकीकत येथून पुढे आहे.

जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ‘एकही मूल मागे राहू नये’ अशा अर्थाच्या नावाच्या कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणित यांची परीक्षा घ्यावी, आणि २०१४ पर्यंत सर्वच्या सर्व मुले आपापल्या इयत्तेच्या ठरीव रेषेवर यावीत, असे त्यात होते. हेतू वाईट नव्हता. गरिबांची, कृष्णवर्णीयांची, परभाषी घरांतली मुले पिढ्यान्‌पिढ्या मागे राहत होती आणि सरासरीच्या पांघरुणाखाली ती दिसत नव्हती. ती दिसावीत असा हा खटाटोप होता. त्याच सुमारास आयडाहो राज्याने मोठ्या उत्साहाने जुळती परीक्षा स्वीकारली होती. केंद्राच्या शिक्षणखात्याने हरकत घेतली: चौथीच्या मुलाला चौथीचेच प्रश्न विचारले पाहिजेत, यंत्र त्याला दुसरीचे प्रश्न देत असेल तर चालणार नाही. आयडाहोला परीक्षा बदलावी लागली. शेजारच्या ऑरेगनने यंत्राला इयत्तेच्या कुंपणात कोंडून आपली जुळती परीक्षा वाचवली. चौथीच्या सोप्यापासून चौथीच्या अवघडापर्यंत यंत्राने खुशाल फिरावे, कुंपण ओलांडू नये.

हा सारा कारकुनी घोळ होता असे कोणी समजू नये. खात्याच्या म्हणण्यात तथ्य होते. मागासलेल्या मुलाला वर्षानुवर्षे खालचेच प्रश्न विचारीत गेले आणि त्यातल्या त्यात प्रगतीबद्दल त्याची पाठ थोपटीत गेले, तर त्याच्याकडून वरच्या गोष्टीची अपेक्षा करणेच शाळा सोडून देईल, अशी ती भीती होती. ‘हे मूल कोठे आहे?’ हा शिक्षकाचा प्रश्न. ‘हे मूल रेषेवर आले का?’ हा राज्याचा प्रश्न. दोन्ही रास्त आहेत. मात्र रेषेच्या प्रश्नाने वर्गात काय घडवले तेही पाहावे. शिकागोच्या शाळांतील गुण तपासून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवून दिले की कायद्यानंतर मधल्या मुलांचे गुण वाढले, अगदी तळच्या मुलांचे वाढल्याचे दिसले नाही. कारण उघड आहे. जो रेषेच्या बोटभर खाली आहे त्याला वर ओढला की शाळेचा आकडा सुधारतो. जो हातभर खाली आहे त्याच्यावर वर्षभर खपूनही आकडा हलत नाही. आमच्या चौथीतल्या मुलाची गोष्ट येथे देशभराची झाली.

दुसरी आपत्ती याहून सूक्ष्म आहे. २००९ नंतर केंद्र सरकारने चार अब्ज डॉलरहून अधिक रकमेची स्पर्धा लावली आणि तीत शिक्षकांचे मूल्यमापन मुलांच्या प्रगतीवरून करणाऱ्या राज्यांना झुकते माप दिले. प्रगती मोजणारी परीक्षा तयारच होती! जे माप शिक्षकाच्या हाती देण्यासाठी बनवले होते ते आता शिक्षकालाच लावण्यात येऊ लागले.

जानेवारी २०१३ मध्ये सिॲटल शहरातील गारफिल्ड हायस्कूलच्या शिक्षकांनी ‘मॅप’ परीक्षा घेण्यास नकार दिला. त्यांच्या तक्रारी अनेक होत्या. परीक्षेसाठी संगणककक्ष आठवडेच्या आठवडे अडून राहतो. परीक्षेतले प्रश्न आम्ही जे शिकवतो त्याला धरून नाहीत. मुले ती मनावर घेत नाहीत. पण एक तक्रार निखळ गणिताची होती, आणि तिच्याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. कोणत्याही मापात थोडी चूक असतेच. या परीक्षेत एका बैठकीची चूक सुमारे तीन अंकांची असते. दोन बैठकींची वजाबाकी केली की दोन्हींच्या चुका मिसळून ती चारांच्या पुढे जाते. आता संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या सरासऱ्या पाहा. तिसरीतले मूल वाचनात वर्षभरात सुमारे दहा अंक पुढे जाते. आठवीतले मूल चारही अंक पुरते जात नाही, कारण वाचनाची वाढ वयाबरोबर मंदावते. म्हणजे तिसरीत जे माप बऱ्यापैकी भरवशाचे, तेच आठवीत आणि त्यापुढे एकेका मुलाच्या बाबतीत वाढीहून चूक मोठी, असे होऊन बसते. धान्याच्या काट्यावर सोने तोलण्यातला हा प्रकार आहे. काटा खोटा नाही. त्याच्यावर काय ठेवावे याचा विवेक सुटला. वर्गाची सरासरी घेतली तर चुका एकमेकींना खातात हे खरे. पण मग वर्गात मुले कशी आली, घरी अभ्यासाला कोण घेऊन बसते, वर्षाच्या मध्यात किती जणांची शाळा बदलली, हे सारे त्या सरासरीत उतरते आणि बाईंच्या नावावर जमा होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात सिॲटलच्या अधिकाऱ्यांनी हायस्कुलांसाठी ही परीक्षा ऐच्छिक केली.

दरम्यान अनेक राज्यांनी मिळून ‘स्मार्टर बॅलन्स्ड’ नावाची सामाईक जुळती परीक्षा तयार केली. ती २०१५ च्या वसंतात प्रथम पुरेपूर घेतली गेली. नेवाडा, मोंटाना आणि नॉर्थ डकोटा या राज्यांत यंत्रणा पहिल्याच खेपेस बसली आणि मुले कोऱ्या पडद्याकडे पाहत राहिली. हे अपघात नव्या गोष्टीत व्हावयाचेच. अधिक विचार करण्याजोगे घडले ते राशच्या जन्मभूमीत. डेन्मार्कने २०१० पासून आपल्या सरकारी शाळांत जुळत्या राष्ट्रीय परीक्षा सक्तीच्या केल्या. २०१९ साली तेथल्याच दोन संशोधकांनी, आणि त्यांतले एक तर राशच्याच परंपरेतले, दाखवून दिले की प्रश्नांच्या ठरवून ठेवलेल्या उंच्या प्रत्यक्षाशी जुळत नाहीत आणि एकेका मुलाच्या मापातली चूक फार मोठी आहे. काठी चार फुटांवर आहे असे वहीत लिहिलेले, आणि मैदानावर ती सव्वाचारांवर! डेन्मार्कने पुढे ती पद्धत सोडून दिली. प्रश्नपेढी ही विहिरीसारखी उपसून, गाळ काढून राखावी लागते.

अमेरिकेत डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्याने जुळत्या परीक्षेला उघड मुभा दिली, इयत्तेच्या वरचे आणि खालचे प्रश्न विचारण्याचीही. मात्र मूल आपल्या इयत्तेच्या रेषेवर आहे की नाही तेही सांगितलेच पाहिजे, ही अट राहिली. म्हणजे दोन्ही प्रश्नांना एकाच बैठकीत जागा करून दिली. आमचे मत विचाराल तर जुळती परीक्षा शिक्षकाच्या टेबलावर राहावी आणि राज्याने आपली चौकशी नमुन्यावर भागवावी. अमेरिकेची राष्ट्रीय पाहणी १९६९ पासून नमुन्यावरच चालते. तीत कोणत्याही मुलाला गुण मिळत नाहीत, कोणत्याही शिक्षिकेचे नाव येत नाही, आणि तरी राज्यांची परिस्थिती स्वच्छ दिसते.

आपल्याकडे तर बिनेची रीत गावोगाव हिंडते आहे. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून होत आली आहे. कार्यकर्ता घरी येतो, मुलाजवळ बसतो आणि एक कागद पुढे करतो. आधी पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा. तो वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडखळला तर शब्द. तेही नाहीत तर अक्षरे. चारपाच मिनिटांत मूल कोठे आहे ते कळते. हा कागद जाडाभरडा आहे हे मान्य. पाच पायऱ्यांच्या शिडीवर वर्षभरातली बारीक वाढ दिसत नाही. पण मुलांना इयत्तेने न बसवता या पायरीने गटांत बसवून शिकवण्याचे काम त्या कागदावर उभे राहिले आहे.

याहून बारीक माप मराठीत हवे असेल तर काय लागेल ते सांगून आम्ही थांबतो. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. यंत्रे लागतील, वीज लागेल, हे आहेच. पण त्याआधी मराठी वाचनाचे आणि गणिताचे शेकडो प्रश्न लागतील, साध्या अक्षरांपासून जोडाक्षरांपर्यंत आणि तेथून वर्तमानपत्राच्या मजकुरापर्यंत. त्यांतला प्रत्येक प्रश्न नंदुरबारच्या, सिंधुदुर्गाच्या आणि मुंबईच्या शेकडो मुलांवर लावून पाहावा लागेल, कारण एका ठिकाणी सोपा असलेला शब्द दुसरीकडे कोणी ऐकलेलाही नसतो. आणि दर काही वर्षांनी ते सारे पुन्हा तपासावे लागेल. हे काम करावयाचे तर अध्यापक विद्यालयांतल्या मंडळींनीच हाती घेतले पाहिजे.